बिनखिळ्याची चप्पल

वडीगोद्री
दि. ४ फेब्रुवारी २०२४

सौ. सत्यशीलाबाईस रायभानचा रामराम.

बाई, म्हयन्याचं पत्र लिहून राह्यलो. मागल्या म्हयन्यात टाकलेलं पत्र तुमच्या लाल पेन्सिलीचे गोल होऊन वापस आलं न्हाई. पोस्टात गहाळ झालं का अक्षर इतकं चांगलं आलं की गोल करायला जागाच न्हाई सापडली?

हाताची खबर. उजवा अंगठा चालून राह्यला. पेनाला सायकलीची नवी ट्यूब गुंडाळली, आता पकड बराबर बसती. डाव्या हाताची दोन बोटं थंडीत आखडत्यात. रोज सकाळी तेल लावून मांडीवर सरळ करतो, शंभरदा. आसराबाई म्हणती, इतक्यांदा देवाचं नाव घेतलं असतं तर देव दारात आला असता. म्या म्हणलं, आला तर त्याला बी तेल लावून बसवतो.

पायाची खबर. जखम न्हाई. पाणी, तेल, तळवा बघणं, सगळं रोजच्या रोज. चप्पल मात्र झिजली. मेंढरं घेऊन माळावर जातो, तितं दगडं. उजवीचा पट्टा सुटून राह्यला. दर साली पाठवतो तसा पाय कागदावर ठिवून आसराबाईकडून पेन्सिलीनं काढून घेतला. कागद सोबत हाये. उजव्या पायाची रेघ वाकडी दिसंल, त्यात माझा पाय वाकडा न्हाई, तिला हसू आल्तं.

दिवाळीच्या आधी आल्त्या तवा तुम्ही जल्दी निघून गेल्या. ह्या बारीला जेवूनच जायचं.

रायभान

*

जालना
दि. १४ फेब्रुवारी २०२४

श्री. रायभान यांस,
स. न. वि. वि.

आपले ४ तारखेचे पत्र मिळाले. जानेवारीचेही मिळाले होते, पण ते उघडायचे राहून गेले, त्याबद्दल क्षमस्व.

मी सत्यशीलाचा पती. पाटबंधारे विभागातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. आपली भेट कधी झालेली नाही, पण आपले नाव घरात अनेकदा ऐकले आहे.

सौ.ची प्रकृती बरी नाही. त्यामुळे तिला उत्तर लिहिता येत नाही. चपलेचे मी पाहतो. पायाचा कागद जपून ठेवला आहे.

आपला,
कल्याण

*

वडीगोद्री
दि. २६ फेब्रुवारी २०२४

साहेबाला रामराम.

बाईची तब्येत बरी न्हाई वाचून जिवाला लागलं. काय झालं ते तुम्ही लिहिलं न्हाई. कंबर असंल. म्या त्यांला पंधरा साल सांगून राह्यलो, दुसऱ्याचे पाय बघायला जिमिनीवर बसून बसून तुमची कंबर जाईल. त्या म्हणायच्या, पाय जिमिनीवर असत्यात, मंग म्या कुठं बसू?

साहेब, तुम्ही हापिसात होते म्हणून तुमाला म्हाईत नसंल, म्या सांगतो. पथकाची जीप गावात यायची तवा लोकं दारं लावून घ्यायचे. गोळ्या देणारे लांबून गोळ्या द्यायचे. त्यांची बी चूक न्हाई, त्यांला बी लेकरंबाळं. बाई पह्यल्यांदा आल्या तवा वय असंल पंचविसेक. म्या हात धोतरात लपवले. त्यांनी ते बाहेर वढले, उलटेपालटे केले, अन् सुतार लाकूड बघतो तसं बघितले. म्हणल्या, अंगठा वाचला आहे, अंगठ्यावर घर चालतं. मंग प्लास्टरची पट्टी करून दिली, रात्री बांधून झोपायला. घास धरायला चमच्याला जाड मूठ करून दिली. अन् म्हणल्या, शाळेत किती गेलात? चौथी. मंग दर म्हयन्याला मला एक पत्र लिहा, हाच तुमचा व्यायाम. तवापासून चुकवलं न्हाई.

येक इचारतो. पत्र वापस का येत न्हाई? बाई पडून असतील तर पडल्या पडल्या लाल पेन्सिल फिरवता येती. का रागावल्या? जानेवारीत म्या पंधरा दिवस पट्टी बांधली न्हाई, ते मान्य करतो.

रायभान

*

जालना
दि. ८ मार्च २०२४

श्री. रायभान यांस,
स. न. वि. वि.

सोबत चपलेचा जोड पार्सलने पाठवत आहे. मिळाल्याचे कळवावे.

तातेराव, जे पूर्वी आपल्या चपला करत, ते आता डोळ्यांनी अधू झाले आहेत आणि मुलाकडे राहायला गेले आहेत. मी दुसऱ्या कारागिराकडून करून घेतल्या. मऊ रबर घरात शिल्लक होते, सौ.ने कपाटात गुंडाळी करून ठेवलेले. आपण माळावर फिरता म्हणून मी कारागिराला सांगून पट्टे विशेष मजबूत करून घेतले आहेत. कामाच्या वेळी मी स्वतः समोर बसलो होतो.

आपली तिन्ही पत्रे परत पाठवत आहे. सौ. रागावलेली नाही.

तिच्या कामाबद्दल आपण लिहिले ते मी दोनदा वाचले. मला खरोखरच फारसे माहीत नव्हते. ती सकाळी साडेसातला डबा घेऊन जायची आणि संध्याकाळी तिच्या साडीला तेलाचा आणि मेणाचा वास यायचा, इतके माहीत होते. कुष्ठरोग पथकात ती फिजिओथेरपी तंत्रज्ञ होती. नऊ महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन आली होती. हाताला पुन्हा कामाची सवय लावायची, चमचा, पेन, विळा धरायला शिकवायचे, याचे तज्ज्ञ वेगळे असतात, त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात, असे ती सांगायची. तिच्या पथकात ते पद नव्हते. म्हणून तेही तीच करायची.

पुढे पथक बंद झाले आणि तिला दवाखान्यात घेतले. तिथे एका खोलीत कंबरदुखी आणि मानदुखीचे रुग्ण. जुन्या लोकांकडे जाण्याचा आदेश आता कोणाकडेच नव्हता, म्हणून ती रविवारी जायची. मी विचारायचो, आजही? ती म्हणायची, रोग संपला असे कागदावर लिहिले, पण पाय बधिर ते बधिरच आहेत. पाटबंधारे खात्यातही कागदावर बरेच काही संपत असे.

तिची एक वही सापडली आहे. रविवारी ती ज्यांच्याकडे जायची त्यांची सव्वीस नावे आहेत. आपले नाव नवव्या पानावर आहे.

आपला,
कल्याण

*

वडीगोद्री
दि. १८ मार्च २०२४

बाईला अन् साहेबाला रामराम.

चप्पल मिळाली. पायात बराबर बसली. बाई, तुमच्या मालकानं पट्टे असे पक्के करून घेतले की बैल बांधावा. पत्रं बी मिळाली. लाल गोल पाहून जीव भांड्यात पडला. अकरा गोल, पह्यल्यापेक्षा जास्त. आसराबाई म्हणली, बाई बऱ्या होऊन राह्यल्या, दोष काढाया लागल्या.

आसराबाई वीस-बावीस रोजासाठी लेकीकडं गेली. तळवा बघायला कोण न्हाई, माझी नजर तितवर पोचत न्हाई अन् सूनबाईला पाय दाखवायचा म्हणजे मला लाज वाटती. पण नवी चप्पल हाये, बिलकुल फिकीर न्हाई. रोज माळावर जाऊन राह्यलो.

जेवायला कवा येता ते कळवा. दोघं या.

रायभान

*

वडीगोद्री
दि. ९ एप्रिल २०२४

सत्यशीलाबाईंस मनीषाचा नमस्कार.

मी रायभान यांची सून, गोरक्षनाथ यांची पत्नी. तुमचा नंबर लावला तर तो बंद लागतो. मामंजींच्या पेटीतून पत्ता घेऊन लिहीत आहे.

परवा सासूबाई लेकीकडून आल्या आणि त्यांनी मामंजींचा पाय पाहिला. उजव्या तळव्याला बोटांच्या खाली जखम आहे, आत खोल गेली आहे, वास येतो. पाय घोट्यापर्यंत सुजला आहे. मामंजींना काहीच दुखत नाही, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. मी चप्पल तपासली. मऊ रबर बोटाने दाबले तर खालून खिळ्याचे टोक वर येते. एक नाही, चार आहेत. वरून दिसत नाहीत.

मी मामंजींना दाखवले. ते म्हणाले, "बाईच्या चपलेत खिळा नसतो. तीस साल झाले. रस्त्यावरचा रुतला असंल." मी म्हणले, "चार रस्त्यावरचे रुतले का?" तर माझ्याशी बोलणे बंद केले.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येऊन गेल्या. त्यांनी आजच्या आज जालन्याला न्या म्हणून सांगितले, नाहीतर पाय कापावा लागेल. मामंजी नाही म्हणतात. म्हणतात, बाई बऱ्या झाल्या आहेत, त्यांचे लाल गोल आले आहेत, त्या येतील आणि पाहतील, तोवर कोणाला हात लावू देणार नाही. आमच्या यांनी उचलून न्यायचे म्हणले तर काठी उगारली. सासूबाई रडतात.

बाई, तुम्ही एकदा या. येणे होत नसेल तर खाली माझा नंबर लिहिला आहे, निदान फोन करा. तुमचेच ऐकतील.

मनीषा

*

जालना
दि. १२ एप्रिल २०२४

श्री. रायभानभाऊ यांस,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या पहिल्या गाडीने मी स्वतः वडीगोद्रीला येतो आणि ते तुमच्या हातात देतो. तोंडाने सांगायला गेलो तर मला सांगता येणार नाही आणि तुमचा आणखी एक दिवस जाईल. म्हणून लिहिले आहे. वाचून होईपर्यंत मी समोर उभा राहीन.

मनीषाचे पत्र आज दुपारी मिळाले. लगेच तिला फोन केला. तिला मी खरे सांगितले. ती म्हणाली, "काका, मी सांगितलं तर ते म्हणतील दवाखान्यात न्यायला डाव केला. तुम्हीच सांगा."

सत्यशीला २७ डिसेंबरला सकाळी साडेदहा वाजता वारली.

२५ तारखेला स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, जगल्या तर पुढे बरेच दिवस फिजिओथेरपी लागेल. मी बरे म्हणालो आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. त्या दोन दिवसांतले मला एवढे एकच वाक्य नीट आठवते.

नात्यातल्या लोकांना मुलाने, सोमेश्वरने, फोन केले. मला कोणालाही कळवावे लागले नाही. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला बसलो तेव्हा ते वाक्य पहिल्यांदा लिहायची वेळ आली. एकतीस वर्षे मी पत्रांचे मसुदे केले. ते वाक्य झाले नाही. "प्रकृती बरी नाही" एवढे झाले. पुढच्या पत्रात नीट लिहू असे ठरवले. पुढच्या पत्रात तुम्ही तिच्या कमरेची चौकशी केलीत, आणि ती रागावली का विचारलेत. तेव्हा मी तिच्या टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली आणि गोल केले. ते अकरा गोल माझे आहेत. कोणते अक्षर चांगले आणि कोणते वाईट, हे मला कळत नव्हते. तुम्हाला ते तिचे वाटले, हे तुमच्या पत्रात वाचले तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते. मला बरे वाटले. तीन महिने एका घरात तरी ती आजारी होती, वारली नव्हती.

चप्पल तिने पाठवलेली नाही. मी करून घेतली. पट्टे मजबूत व्हावेत म्हणून मीच कारागिराला आग्रह केला. त्याने विचारले, खिळे मारू का? मी म्हणालो, मार. प्रत्येक चपलेला चार. वर रबर चिकटवले. मी पाहत होतो आणि मला काम चोख झाले असे वाटले.

आज संध्याकाळी सोमेश्वरकडून तातेरावांचा नंबर मिळवला आणि त्यांना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, त्या चपलेला खिळा चालतच न्हाई. टाके अन् गोंद. ज्याला लागल्यालं कळत न्हाई त्याच्या पायाखाली खिळा कसा ठेवणार? बाईनं मला पह्यल्याच दिवशी शपथ घातली व्हती." मी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. तिने हे कुठेही लिहिलेले नाही. तातेरावांना माहीत होते, तिला माहीत होते. तिसऱ्या कोणाला सांगायची वेळ येईल असे तिला वाटले नसावे. ती निवृत्त झाल्यावर तिच्या जागी कोणी आले नाही.

ती येईल म्हणून तुम्ही थांबला आहात. ती येणार नाही. तुमचा पाय माझ्यामुळे असा झाला आहे आणि तुम्ही थांबलात तेही माझ्यामुळे. मला जे म्हणायचे ते नंतर म्हणा. मी गाडी सांगून ठेवली आहे, ती वडीगोद्रीच्या फाट्यावर उभी असेल. आधी उठा.

कल्याण

*

वडीगोद्री
दि. १२ मे २०२४

कल्याणसाहेबास रामराम.

दवाखान्यातून आठव्या रोजी सुट्टी देतो म्हणले व्हते, बावीस रोज लागले. हे पत्र घरून लिहून राह्यलो. उजवीची दोन बोटं गेली. पाय राह्यला. डाक्टर म्हणले, आणखी दोन रोज थांबले असते तर गुडघ्याखालून काढावा लागला असता.

तुम्ही वार्डात रोज येऊन बाकड्यावर बसत व्हते अन् आपण येक शब्द बोललो न्हाई. बाजूच्या खाटेवरला म्हातारा इचारायचा, हे तुमचे कोण? म्या म्हणायचो, म्हाईत न्हाई. आता लिहितो.

साहेब, बोटांचं मला इतकं न्हाई. अगोदर बी दोन गेलेली हायेत, पायाची सहा राह्यली. बाईचं तुम्ही लपवलं ते मला सोसलं न्हाई. तीन म्हयने म्या येका मेलेल्या बाईला इनोद लिहून राह्यल्तो. कंबर दुखती का इचारून राह्यल्तो. तुम्ही ते वाचत व्हते. तुमच्या घरात ती तीन म्हयने आणखी जगली म्हणता, तर त्याचा खर्चा माझ्या पायानं दिला. हे येकदा लिहून टाकलं, परत काढणार न्हाई. तुमाला बाई गेल्यालं लिहाया येत नव्हतं, तर ते मला कळतंय. मला बी त्या रोजी वाचाया येत नव्हतं. तुम्ही उन्हात उभे व्हते, आसराबाईनं पाणी दिलं ते घेतलं न्हाई. म्या तीनदा वाचलं अन् मंग गोरक्षनाथला म्हणलं, उचल.

वार्डात ती शीतल म्हणून पोरगी यायची, फिजिओथेरपीवाली, कंत्राटावरची. माझा हात हातात घेऊन म्हणली, बाबा, असा राखलेला अंगठा म्या पुस्तकात पाह्यला, खऱ्या माणसाच्या हाताला पह्यल्यांदा पाहून राह्यले, कुणी राखला? म्या सांगितलं. तुम्ही तिला बाईची वही बघाया दिली, ते बरं केलं. ती तातेरावला फोन करून टाके कसे घालायचे ते लिहून घेऊन राह्यली. मला म्हणली, मला बी पत्र लिहा. म्या म्हणलं, तुला अक्षराचं काय कळतं? म्हणली, शिकवा. जीभ तिखट हाये. टिकंल.

आता येक गोष्ट तुमाला सांगायची, बाईशिवाय कुणाला सांगितली न्हाई. माझ्या बोटाला पह्यल्यांदा वाक आला त्या साली माझ्या थोरल्या भावानं गोदावरीवर जाऊन माझ्या नावानं आंघोळ केली. म्या जित्ता असतांना. आईला बी घालाया लावली. मंग म्या माळावर खोपटात राहाया गेलो, आसराबाई तेवढी संगं आली. बाई पह्यल्यांदा तितं आल्या तवा त्यांनी इचारलं, घरचे कुठं हायेत? म्या म्हणलं, आंघोळ करून मोकळे झाले. त्यांनी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, पुढं सरकवलं अन् म्हणल्या, पाय बुडवा.

घरी आलो त्या रोजी आसराबाईला म्हणलं, बाईची आंघोळ करायची राह्यली. ती म्हणली, चार म्हयन्यांनी? म्या म्हणलं, कळलं तवापासून मोजायचं. डाक्टरनं पायाला पाणी लागू द्यायचं न्हाई म्हणून सांगितलेलं. मंग तिनं पाय स्टुलावर ठिवला, वरून पिशवी बांधली अन् दारात बसवून डोक्यावरून पाणी घातलं. शेजारची येक बाई रस्त्यानं चालली व्हती, तिनं इचारलं, कोण गेलं हो? आसराबाई म्हणली, घरातलं.

वहीतली पंचवीस माणसं राह्यली. त्यांला बी असंच अंधारात ठिवू नका. वडीगोद्रीच्या आजूबाजूचे चौघं हायेत, त्यांला म्या सांगतो, गोरक्षनाथच्या गाडीवर बसून जातो. टेंभुर्णीकडल्या लोकांला तुम्ही लिहा, आता तुमाला लिहाया आलंय. घनसावंगीच्या साळूबाईला मात्र जाऊन सांगा. तिला वाचता येत न्हाई.

रायभान